तीनदा नापास झाले मॅडम, आता सोडून देऊ का?

मी समुपदेशन करते, माझ्याकडे हा प्रश्न दर निकालानंतर येतोच. सीए असो, एमपीएससी असो नाहीतर नीट, शब्द थोडे इकडेतिकडे होतात पण खरं विचारायचं असतं ते हेच की माझ्यातच काही नाही का. म्हणून एक केस सांगते, त्या मुलीला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

इचलकरंजीची मुलगी. पप्पांचे थोडेसे यंत्रमाग, आणि ही पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहून सीए इंटर करत होती, म्हणजे सीएची मधली परीक्षा, तिचे ग्रुप वन आणि ग्रुप टू असे दोन भाग असतात. ग्रुप वन काही निघत नव्हता, तिसऱ्यांदा गेला आणि हिने घरचे फोन उचलणंच बंद केलं, तेव्हा रूममेटने तिला जवळजवळ ओढत माझ्याकडे आणलं. झोप, जेवण, जीव नकोसा वाटतो का, हे सगळं मी आधी नीट विचारून घेतलं, ते विचारल्याशिवाय मी पुढे जातच नाही. (तुमच्यापैकी कुणाला तसं वाटत असेल तर हा लेख नंतर वाचा, आधी 14416 ला फोन लावा, टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.)

मग एका कागदाची मधोमध घडी घातली. म्हटलं, एकीकडे लिही काय घडलं आणि दुसरीकडे लिही त्याचा तू काय अर्थ लावलास. 'काय घडलं' खाली तिने भराभर लिहिलं: मी फेल्युअर आहे, पप्पांचे पैसे वाया घालवले, मला डोकंच नाही. दुसरी बाजू कोरी! मी म्हटलं अगं, हे सगळं पलीकडच्या बाजूचं आहे, इकडे फक्त मार्कशीटवर जे छापलंय तेवढंच लिही. बराच वेळ पेन नुसतं फिरवत बसली, मग तीन आकडे आले. अकाउंट्स 46, लॉ 43, टॅक्स 54. बेरीज 143.

सीएत प्रत्येक पेपरला किमान 40 लागतात आणि ग्रुपचे तिन्ही मिळून 50 टक्के, म्हणजे 300 पैकी 150. हिचा एकही पेपर 40 च्या खाली नव्हता, ग्रुप गेला तो 7 मार्कांनी. बरं, जानेवारी 2025 ला इंटरचा हा ग्रुप देशभरात जेमतेम 14 टक्के मुलांचा निघाला होता. म्हणजे शंभरातली शहाऐंशी मुलं बिनडोक का? यावर ती पहिल्यांदा हसली, थोडंसंच.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि कि. मो. फडके यांनी जी महाराष्ट्रात रुजवली, तिचा गाभा हाच आहे, की वागणुकीला मार्क द्या, माणसाला देऊ नका. पेपर फसला इतकं खरं. 'मी फसले' हा शिक्का आपण वरून मारतो.

पण नुसता शिक्का पुसून भागत नाही, आणि इथे माझं बऱ्याच मोटिव्हेशनवाल्यांशी पटत नाही. अपयश ही यशाची पहिली पायरी वगैरे ठीक आहे हो, पण ही पोरगी तीन पायऱ्या चढून तिथेच उभी होती ना! दर वेळी निकाल लागला की दोन दिवस रडायचं आणि मग 'आता अजून जास्त अभ्यास' म्हणून लॉ पहिल्यापासून पाठ करायला घ्यायचा. लॉच का, तर म्हणे माझं पाठांतर कच्चं आहे. कशावरून? तर मला तसं वाटतं.

सीएला निकालानंतर महिन्याभरात अर्ज केला की तपासलेल्या उत्तरपत्रिकेची कॉपी मिळते. तिला हे माहीत होतं, पण बघायची हिंमत नव्हती, आपला मूर्खपणा कशाला डोळ्यांनी बघायचा म्हणून. शेवटी केला अर्ज. लॉची कॉपी आम्ही सोबत बघितली. मला त्यातला कायदा शून्य कळतो, पण एवढं दिसत होतं की पहिल्या प्रश्नाला पानंच्या पानं तरतुदी लिहिल्यात, अक्षर सुरेख, स्केलने अंडरलाइन, आणि शेवटच्या प्रश्नाचे दोन उपप्रश्न लिहिलेलेच नाहीत. पाठांतर चांगलं दणकून होतं, वेळ संपला होता. अकाउंट्समध्ये मात्र एक चॅप्टर खरंच कच्चा निघाला, तेही तिने गुपचूप मान्य केलं.

मग सोडायचं का? ते मी ठरवत नाही. पण निकालाच्या आठवड्यात ठरवू नका आणि रागात तर नकोच. तिने आधीच लिहून ठेवलं, अजून दोन अटेम्प्ट, रोज तीन तास घड्याळ लावून पेपर सोडवायचा, तरी नाही झालं तर बीकॉमवर अकाउंट्सची नोकरी बघायची. ती नोकरी म्हणजे शिक्षा नाही, हेही त्याच कागदावर लिहायला लावलं.

पप्पांना एकदा बोलावलं होतं. ते म्हणाले, 'मॅडम, पैशाचं काय नाही ओ, पण ही फोन का उचलत नाही तेवढं विचारा.' ती बाजूलाच बसली होती. मी म्हटलं, तुम्हीच विचारा की, आणि चहा सांगायला बाहेर गेले.

पुढच्या अटेम्प्टला ग्रुप वन निघाला. ग्रुप टू नाही निघाला. त्याच्या कॉपीसाठी तिने स्वतःहून अर्ज केलाय, मला नंतर कळवलं.