प्लॉटचे सामासिक अंतर आणि रुग्णालयाचा फलक : सवलत कुठे मागावी, किती मागावी

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात. बांधकामाच्या नियमातून सवलत हवी आहे, पण अर्ज कोणाकडे आणि कशासाठी करायचा, ते ठरत नाही. निवडक प्रश्नांना नगररचना व वास्तुरचना सल्लागारांनी दिलेली उत्तरे पुढे आहेत.

प्रश्न : नौपाड्यात आमचा 18 मीटर खोलीचा प्लॉट आहे. रस्त्याकडे रुंदी 7 मीटर, मागे 5.20 मीटर. तिन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडल्यावर मागच्या खोलीला काही उरत नाही. दोन्ही बाजूंची सामासिक अंतरे (हद्द आणि इमारत यांच्यामध्ये मोकळी सोडायची जागा) शून्य करून मागावीत, असे आम्हाला सुचवले आहे. मिळतील का?

उत्तर : असा अर्ज करू नका, तो टिकणार नाही. तुमची अडचण खरी आहे आणि तिला नियमात वाटही आहे, पण ती वाट अरुंद आहे.

मुंबई महापालिका, एमआयडीसी असे काही अपवाद सोडले तर 2 डिसेंबर 2020 रोजी मंजूर झालेली एकात्मिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, राज्यभर लागू आहे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका तिच्याखाली येतात. त्यातल्या विवेकाधीन अधिकाराच्या तरतुदीनुसार, अडचण स्पष्टपणे दाखवता येत असेल तर कारणे लेखी नोंदवून आयुक्त विशेष परवानगीने मापांमध्ये बदल मंजूर करू शकतात. त्या बदलाने आरोग्य, अग्निसुरक्षा, इमारतीची मजबुती आणि शेजाऱ्यांची सुरक्षितता यांना बाधा येता कामा नये. शिवाय रस्त्याच्या हद्दीपासूनचे अंतर, एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते ते) आणि पार्किंग या तीन गोष्टींत, नियमावलीतच वेगळी सोय नसेल तर, सवलत मिळत नाही. तेव्हा पुढची बाजू विसरा. बाजूच्या अंतरांवर लक्ष द्या.

आता हिशेब करू. 18 मीटरमध्ये रुंदी 1.80 मीटरने कमी होते, म्हणजे दर मीटरला 10 सेंटीमीटर. मागे दीड मीटर सोडले की इमारत 16.50 मीटरवर संपते आणि तिथे प्लॉटची रुंदी 5.35 मीटर भरते. दोन्ही बाजूंचे तीन मीटर वजा केले की बाहेरून बाहेर 2.35 मीटर उरतात. नऊ इंची, म्हणजे 230 मिमी विटेच्या दोन भिंती घातल्या तर आत 1.89 मीटर राहतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे राहत्या खोलीला किमान 2.40 मीटर रुंदी लागते. तुमची अडचण ती हीच, आणि ती आकड्यांत दिसते.

मात्र त्याच खोलीला 150 मिमी ब्लॉकच्या भिंती घेतल्या तर बाहेरून बाहेर 2.70 मीटर पुरतात. तूट उरते 0.35 मीटरची. आतल्या गिलाव्याची जाडी धरून 0.40 म्हणा. म्हणजे तुम्हाला मागायचे आहे ते एवढेच : एका बाजूचे सामासिक अंतर, मागच्या साधारण चार मीटर लांबीत, 1.50 ऐवजी 1.10 मीटर. पुढच्या भागात प्लॉट पुरेसा रुंद आहे, तिथे काहीही मागू नका. ‘दोन्ही बाजू शून्य’ आणि ‘एका बाजूला चार मीटरपुरते 40 सेंटीमीटर’ या दोन मागण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीत अधिकाऱ्याला जास्त बांधकामाची हौस दिसते, दुसरीत प्लॉटचा आकार दिसतो.

बाजू निवडताना शेजारची इमारत पाहा. ज्या बाजूला शेजाऱ्याची सलग, खिडक्या नसलेली भिंत आहे तीच बाजू घ्या आणि आपल्याही त्या भिंतीत खिडकी ठेवू नका. खोलीचा उजेड-वारा मागच्या दीड मीटरमधून घ्या. शौचालयाचे पाइप, गच्चीचे पाणी किंवा एसीचे बाहेरचे युनिट अरुंद केलेल्या बाजूला अजिबात नको, कारण 1.10 मीटरमध्ये ते आले की माणसाला जायला जागा राहत नाही आणि अग्निशमन विभाग तिथेच बोट ठेवतो.

फाइलमध्ये मालमत्ता पत्रक, भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा, विकास योजना अभिप्राय (प्लॉटवर कोणते आरक्षण किंवा रस्ता येतो ते सांगणारे पत्र) आणि भाग नकाशा, दोन्ही शेजाऱ्यांच्या इमारती मापासह दाखवणारा स्थळदर्शक नकाशा आणि एक साधा तक्ता हवा. तक्त्यात नियमाने लागणारे अंतर, प्रस्तावित अंतर, फरक आणि कारण असे चार रकाने पुरेत. कारणाच्या रकान्यात ‘जागा कमी पडते’ असे लिहू नका. ‘16.50 मीटरवर प्लॉटची रुंदी 5.35 मीटर, पूर्ण अंतरे सोडून खोलीची आतील रुंदी 2.05 मीटर, किमान 2.40 आवश्यक’ असे लिहा. इथे 150 मिमी भिंतीचाच आकडा द्या. 230 मिमीचा दिला तर ‘भिंत पातळ करा’ असे उत्तर येईल आणि ते बरोबरच असेल.

सगळ्यात जास्त फाइली मोजणीवर अडतात. मालमत्ता पत्रकातले क्षेत्र, मोजणी नकाशा आणि जागेवरचे कुंपण यांत तफावत असेल तर सवलतीचा विचारच सुरू होत नाही. जुन्या नौपाड्यात ही तफावत सर्रास आढळते. म्हणून आधी मोजणी, मग आराखडा. विकास योजनेतले रस्तारुंदीकरण तुमच्या प्लॉटवर येते का, तेही त्याच वेळी पाहा, कारण पुढचे अंतर रुंदीकरणाच्या रेषेपासून मोजतात आणि वरचा सगळा हिशेब तेवढा मागे सरकतो.

अर्ज महापालिकेच्या शहर विकास विभागात, बांधकाम परवानगीच्या प्रस्तावासोबतच करायचा. मंजुरी मिळाल्यास त्यावर अधिमूल्य, म्हणजे सवलतीचे जादा शुल्क, भरावे लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. नगररचना अधिनियमाच्या कलम 45 मध्ये 60 दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाल्याचे मानण्याची सोय आहे, पण ती नियमांत तंतोतंत बसणाऱ्या प्रस्तावालाच. सवलत मागणारा प्रस्ताव मुळात नियमाबाहेरचा असतो, त्यामुळे 60 दिवस उलटले म्हणून जोत्याचे काम सुरू केले तर ते अनधिकृत ठरते.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यालगत आमचे चार मजली रुग्णालय आहे. रात्री रुग्णवाहिका पुढे निघून जातात. गच्चीवर 6 मीटर लांब आणि 1.20 मीटर उंच प्रकाशित नाव, वर लाल क्रॉस, आणि वळणावर पदपथाशी एक खांबाचा फलक लावायचा आहे. एकाच अर्जात होईल का?

उत्तर : नाही. हे तीन वेगळे विषय आहेत, आणि लाल क्रॉस हा त्यांतला एक. त्याच्यापासूनच सुरुवात करू, कारण तो सरळ वगळायचा आहे. पांढऱ्यावरचा लाल क्रॉस हे संरक्षित चिन्ह आहे. जिनीव्हा करार अधिनियम 1960 नुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय रुग्णालय, दवाखाना, औषधाचे दुकान यांपैकी कोणालाही तो वापरता येत नाही. हिरवा किंवा निळा क्रॉस घ्या, किंवा इंग्रजी ‘एच’ अक्षर. अंधारात निळ्यावर पांढरे अक्षर लांबून चांगले वाचता येते.

गच्चीवरचे नाव हे कायद्याच्या भाषेत आकाशचिन्ह आहे, कारण रस्त्यावरून पाहिले तर ते आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 244 प्रमाणे त्याला आयुक्तांची लेखी परवानगी लागते आणि ती मुदतीचीच असते, नूतनीकरण करावे लागते. तेच नाव दर्शनी भिंतीवर, गच्चीच्या कठड्याच्या खाली घेतले तर ते आकाशचिन्ह राहत नाही. इमारतीत चालणाऱ्या व्यवसायाची माहिती देणाऱ्या, प्रकाशित नसलेल्या फलकाला कलम 245 मध्ये सवलत आहे. तुमचा फलक प्रकाशित आहे म्हणून परवानगी घ्यावी लागेलच, पण ती सोपी पडते. आमचा सल्ला स्पष्ट आहे : नाव भिंतीवर घ्या.

गच्चीच हवी असेल तर वाऱ्याचा भार आधी पाहा. आयएस 875 भाग 3 या भारतीय मानकात मुंबई परिसरासाठी मूळ वाऱ्याचा वेग 44 मीटर प्रतिसेकंद धरला आहे. दाब काढायचे सूत्र 0.6 गुणिले वेगाचा वर्ग. सगळे गुणांक एक धरले तरी तो 1,162 न्यूटन प्रति चौरस मीटर येतो. तुमचा फलक 7.20 चौरस मीटरचा, म्हणजे त्याच्यावर सुमारे 850 किलो वजनाइतका रेटा बसतो, आणि उंची व आकाराचे गुणांक लावल्यावर तो बदलतो. एवढा भार विटेच्या कठड्यावर देता येत नाही. सांगाडा आरसीसी तुळईत किंवा कॉलमच्या डोक्यावर रासायनिक अँकरने धरावा लागतो, आणि त्यासाठी वॉटरप्रूफिंग फोडले की पुढच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावर गळती ठरलेली. सलग पत्र्याऐवजी सुटी अक्षरे जाळीदार सांगाड्यावर लावली तर वारा आरपार जातो. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला महाकाय होर्डिंग कोसळून 17 माणसे गेली. त्यानंतर स्ट्रक्चरल इंजिनिअरचे स्थैर्य प्रमाणपत्र केवळ कागद म्हणून जोडून चालत नाही, गणितही मागितले जाते, आणि ते योग्यच आहे.

वीजजोडणीसाठी स्वतंत्र एमसीबी आणि वीजगळती होताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, सांगाड्याला अर्थिंग, एलईडीचे ड्रायव्हर आयपी 65, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणाऱ्या, दर्जाचे आणि मिटत-लागत नसलेला दिवा, एवढे अर्जातच लिहा. लुकलुकणारा लाल किंवा हिरवा दिवा सिग्नलसारखा भासतो, वाहतूक पोलीस त्याला ना हरकत देत नाहीत. फलकाने खिडकी, धूर बाहेर जायची जागा किंवा अग्निशमन बंबाची वाट अडू नये.

पदपथाशी खांब ही सार्वजनिक जागा आहे, तिथे सामासिक अंतराची सवलत हा प्रश्नच येत नाही. तो रस्ता आणि ते वळण कोणत्या यंत्रणेच्या ताब्यात आहे, ते आधी लेखी विचारून घ्या. तुमच्या नावाचा खांब मागण्यापेक्षा रुग्णालयाची ठरावीक निळी वाहतूक पाटी आणि बाण मागा. ती रस्त्याच्या यंत्रणेने लावायची पाटी असते, जाहिरात नव्हे, आणि रुग्णवाहिकेच्या चालकाला तीच लागते. तुमच्या हद्दीत, फाटकाच्या आत, ‘अपघात विभाग’ असा मोठा प्रकाशित फलक ठेवला की तुमची मूळ अडचण बरीचशी सुटते.

मजकुराचेही नियम आहेत. दुकाने व आस्थापना कायद्यात रुग्णालय व दवाखाना आस्थापनाच आहेत, म्हणून नाव देवनागरीत आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसलेली हवीत. डॉक्टरांच्या स्वतःच्या फलकासाठी 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत अवास्तव मोठा फलक नको, असे म्हटले आहे. त्यावर नाव, पदवी, विशेष विषय, नोंदणी क्रमांक आणि परिषदेचे नाव एवढेच चालते. औषधाच्या दुकानावर डॉक्टरांचा फलक लावणे गैर आहे.

प्रश्न : नेरूळच्या रो-हाउसमध्ये दहा खाटांचे नर्सिंग होम सुरू करायचे आहे. पार्किंगमध्ये सवलत मिळेल का?

उत्तर : पार्किंगमध्ये नाही. पण त्याच्याही आधी, तुम्ही मागताय तो वापरबदल आहे, मापातली सवलत नव्हे. नवी मुंबईत त्याला दोन दारे आहेत. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरील भूखंडाचा वापर करारात लिहिलेला असतो. तो बदलायला सिडकोची ना हरकत आणि शुल्क, आणि बांधकाम परवानगीसाठी महापालिकेचा नगररचना विभाग. सिडकोचे पत्र हातात नसताना महापालिकेत अर्ज करून महिने घालवू नका. निवासी विभागात बाह्यरुग्ण दवाखाना सहज बसतो. आंतररुग्ण असतील तर तळमजला किंवा स्वतंत्र जिना असलेला पहिला मजला, आणि विशेष परवानगी लागते. तो जिना सामासिक अंतरात काढता येत नाही, आणि रो-हाउसचा प्रस्ताव नेमका तिथेच पडतो. दहा खाटांऐवजी दिवसा शस्त्रक्रिया करून घरी पाठवणारे केंद्र असले तरी रुग्ण खाटेवर झोपतो तेव्हा तो आंतररुग्णच समजला जाईल, हे धरून चाला.

महापे, रबाळे, तुर्भे या पट्ट्यातला एमआयडीसीचा भूखंड असेल तर बांधकाम परवानगी एमआयडीसीकडून, यूडीसीपीआर तिथे लागू नाही.

प्रश्न : आमच्या शेजारच्या भूखंडाचा विभाग बदलून रुग्णालय करण्याची सूचना वर्तमानपत्रात आली. हरकत कशी घ्यावी?

उत्तर : ही नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खालची, विकास योजनेतल्या फेरबदलाची सूचना आहे. हरकतीला सूचनेपासून एक महिना मिळतो. भूखंड क्रमांक, सूचनेची तारीख, तुमच्या इमारतीचे अंतर, रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी, रुग्णवाहिका वळायला मिळणारी जागा आणि फोटो द्या. ‘रुग्णालय नको’ एवढ्यावर सुनावणीत काही टिकत नाही. ‘रस्ता 6 मीटरचा, दोन्ही कडेला वाहने उभी’ हे टिकते. हरकत समक्ष देऊन पोच घ्या आणि सुनावणीची मागणी लिहून ठेवा. मापातल्या सवलतीसाठी मात्र अशी जाहीर सूचना निघत नाही. तिथे माहिती अधिकारात मंजूर नकाशा आणि कारणांची टिपणी मागावी लागते, उत्तराची मुदत 30 दिवस.

प्रश्न : सवलतीचा अर्ज नामंजूर झाला. पुन्हा तोच करावा का?

उत्तर : आधी नकाराचे कारण वाचा. कागद अपुरे असतील तर दुरुस्त करून नवा अर्ज लवकर निघतो. कारण चुकीचे वाटत असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम 47 खाली राज्य सरकारकडे अपील करता येते, पण आदेश मिळाल्यापासून 40 दिवसांत. नव्या अर्जाच्या धावपळीत ही मुदत निघून जाते, म्हणून आदेश हाती आला त्या दिवशीच पाकिटावरची तारीख आणि पोच जपून ठेवा. अपिलात मागणी वाढवू नका. मूळ अर्जात 40 सेंटीमीटर मागितले असतील तर अपिलातही तेवढेच, तेच नकाशे आणि तोच तक्ता. तोंडी नकार अपिलाला पुरत नाही. लेखी आदेश मिळत नसेल तर तो मागणारे पत्र द्या आणि त्याची पोच घ्या.