खोली सोडावी लागली तर मुलांना घेऊन निवारा केंद्रात जावं का? माझं उत्तर

ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टर सोडून गेलेत, भाडं थकलंय, महिनाअखेरीला रूम खाली करायची आहे, ठाण्यात कुणी नाही आणि निवारा केंद्रात गेलं तर मुलं काढून घेतील का. मी कळव्यात राहायचे, मिस्टर डायलिसिसवर होते, त्यात सगळं गेलं, ते वारल्यावर रूमचं डिपॉझिटही थकलेल्या भाड्यात वळतं झालं आणि मी दोन मुलांना घेऊन रस्त्यावर आले. आज नवी मुंबईतल्या घणसोली गावात भाड्याने राहते, मुलं माझ्याजवळच आहेत. म्हणून आधी त्या भीतीचंच सांगते.

आई गरीब आहे, घर नाही, एवढ्यावरून मुलं तिच्यापासून तोडा असं कायदा सांगत नाही. घर नाही आणि पोटापाण्याचं साधनही नाही असं मूल कायद्याने काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक धरतात हे खरंय, त्यामुळे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीचं नाव निघू शकतं, पण २०१५ च्या त्याच बाल न्याय कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय असंही लिहिलंय. मला निवारा केंद्रातल्या मॅडमनीच समितीकडे नेलं तेव्हा माझे हातपाय गार पडले होते, वाटलं आता इथूनच घेऊन जातील. समितीतल्या लोकांनी मुलीला विचारलं शाळेत कुठला विषय आवडतो, आईजवळ राहायचंय का, आणि आमचा अर्ज घेतला तो बालसंगोपन योजनेचा. एक पालक असलेल्या मुलांना यात आता मुलामागे महिना २२५० रुपये मिळतात, मुलं घरातच राहावीत म्हणूनच ती योजना आहे. पैसे लगेच येत नाहीत, मंजुरीला वेळ लागतो, पण अर्ज नक्की करा, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात होतो.

आता निवारा केंद्र. लोकांना वाटतं तिथे फक्त रात्रीपुरती झोपायची जागा मिळते, सकाळी बाहेर काढतात. पण सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय की मोठ्या शहरात लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा आणि तो वर्षभर चोवीस तास उघडा हवा. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांच्या वर आणि नवी मुंबई ११ लाखांच्या वर, म्हणजे किती निवारे असायला हवेत ते तुम्हीच मोजा. माझं मत स्पष्ट आहे, जागा कमी पडते आणि सगळ्यात कमी पडते ती आई आणि मोठा मुलगा एकत्र राहू शकतील अशी. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा, एका ठिकाणी बायकांच्या निवाऱ्यात त्याला घ्यायलाच तयार नव्हते, म्हणाले याला मुलांच्या वसतिगृहात टाका. मी तिथून निघाले. दुसरीकडे फॅमिलीसाठी वेगळी खोली होती तिथे आम्हाला घेतलं. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा, मुलाचं वय इतकं आहे, चालेल का.

दुसरा प्रश्न कागदांचा. मला खरं सावरलं ते यानेच. पत्ता नसला की सगळं अडतं, बँक विचारते, गॅसवाला विचारतो, कामावर ठेवणाराही विचारतो. निवारा केंद्राने राहणाऱ्यांना आधार, रेशन, बँक खातं, शाळा, अंगणवाडी, फुकट वकील हे मिळवून द्यायला मदत करायची हे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या, म्हणजे शहरातल्या गरिबांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेच्या, नियमांतच लिहिलंय, ते आपल्यावर उपकार करत नाहीत. आमच्या मॅडमनी केंद्राचं पत्र दिलं, त्यावर आधारचा पत्ता बदलला, झिरो बॅलन्स खातं उघडलं. मुलाच्या जुन्या शाळेतून टीसी मिळायला उशीर होत होता तर त्या स्वतः नव्या शाळेत आल्या आणि म्हणाल्या टीसी नाही म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, शिक्षण हक्क कायदा बघा. मी एकटी गेले असते तर मला गेटवरूनच परत पाठवलं असतं हो.

कामही तिथूनच लागलं, पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायचं, पहाटे निघायचं, तेवढा वेळ मुलं केंद्रातल्या बायकांच्या नजरेखाली, हे फार मोठं होतं माझ्यासाठी कारण लहान मुलीला कुठे ठेवू म्हणून आधी हातातली दोन कामं गेली होती. पगारातला थोडा भाग खात्यात टाकायचा असं मॅडमनी लावूनच धरलं, पुढे बचत गटात नाव घातलं आणि गटाच्या अंतर्गत कर्जातूनच रूमचं डिपॉझिट भरलं. रूम शोधताना एजंट पहिलं विचारायचे, मिस्टर काय करतात, आणि मग रूम गेली म्हणायचे. शेवटी मॅडम मालकिणीशी बोलल्या, ही आमच्याकडे राहिली आहे, भाडं वेळेवर देईल, मी ओळखते. आम्ही रूमवर गेल्यावरही त्या बरेच महिने चौकशीला यायच्या.

तुम्ही महिनाअखेरीची वाट बघू नका. अजून रूम हातात आहे तोवरच १८१ ला, महिला हेल्पलाइनला फोन करा, सखी वन स्टॉप सेंटरला, म्हणजे अडचणीतल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राला विचारा, तिथे राहायची सोय थोड्याच दिवसांची असते पण पुढे कुठे जायचं ते बघतात. महापालिकेच्या समाजविकास विभागातही जा, शहरातले निवारे तिथून कळतील. मालक सामान बाहेर टाकायची धमकी देत असेल तर ठाणे कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, नंबर १५१००. मिस्टरांकडून पोटगीचंही त्याच वकिलाला विचारा. आणि सगळ्यांचे जन्मदाखले, आधार, रेशनकार्ड, शाळेची मार्कशीट, भाडेकरार एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवा, सामानात नको.

मुलांची वयं किती आहेत ते कमेंटमध्ये लिहा, मुलगा बारा वर्षांच्या आतला असेल तर पर्याय जास्त आहेत, मी त्याप्रमाणे सांगते.