वाचकांचे प्रश्न : वीस मिनिटांची विक्री

प्रश्न : ताई, मी विट्याजवळ करार पद्धतीने ब्रॉयलर सांभाळतो. दोन शेड आहेत. मुलगी-जावई अमेरिकेत आर्कान्सातल्या बेंटनव्हिलला असतात. तिकडे गेलो तेव्हा जावयांनी स्प्रिंगडेलला नेऊन टायसन या चिकन कंपनीचं मुख्यालय दाखवलं. म्हणाले, ही कंपनी वॉशिंग्टनमध्ये सरकारला वळवायला किती पैसे घालते, ते सरकारी संकेतस्थळावर बघायला मिळतं. मला हसूच आलं. लाच कुणी लिहून देतं का?
– एक वाचक, ता. खानापूर, जि. सांगली

लिहून देतात दादा, आणि तारीख सांभाळून देतात. वॉशिंग्टनला एका वकिली फर्मच्या हिशेब विभागात मी अकरा वर्षं हेच फॉर्म भरले. टायसन आमचं अशील नव्हतं, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

लॉबिंग, म्हणजे सरकारला आपल्या बाजूला वळवण्याचं काम, उघड करण्याचा कायदा १९९५चा. २००७च्या दुरुस्तीनंतर हिशेब दर तिमाहीला द्यावा लागतो : २० जानेवारी, २० एप्रिल, २० जुलै, २० ऑक्टोबर. लॉबिस्टांची नावं, विषय, सिनेटशी बोलले की हाउसशी (ही तिथल्या संसदेची दोन सभागृहं) की कृषी खात्याशी, आणि एकूण रक्कम. रक्कम जवळच्या दहा हजारांना गोल करायची. पैशा-पैशाचा ताळा जमवत मोठी झालेली मी, मला ते शेवटपर्यंत पचलं नाही. बरं, काय लिहावं लागत नाही तेही ऐका. कुठल्या खासदाराला भेटलात, हे नाही. विधेयकाच्या बाजूने बोललात की विरोधात, हेही नाही.

टायसनचा आकडा वर्षाला साधारण दहा-वीस लाख डॉलरच्या घरात असतो. २०२२ साली कंपनीची विक्री होती ५३ अब्ज डॉलर. मी भागाकार करून पाहिला : वीस लाख म्हणजे वीस मिनिटांची विक्री. विक्रीच्या प्रमाणात पाहिलं, तर तुमच्या एका बॅचमागे चहापाण्याचा खर्च यापेक्षा मोठा निघेल.

आता लाचेचं. तिथेही लाच हा गुन्हाच आहे, आणि मंत्र्याला बेकायदा भेटी देण्याच्या गुन्ह्यात टायसन सापडलेली आहे. क्लिंटन यांचे कृषिमंत्री माइक एस्पी यांना फुटबॉल सामन्याची तिकिटं, पाहुणचार, त्यांच्या मैत्रिणीला शिष्यवृत्ती म्हणून १,२०० डॉलर, असं मिळून सुमारे १२,००० डॉलरचं दिलं. १९९७मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून ६० लाख डॉलर भरले. एस्पींना मंत्रिपद १९९४लाच सोडावं लागलं होतं. १९९८मध्ये ज्युरीने मात्र त्यांना तिसाच्या तीस आरोपांतून सोडलं. म्हणजे बारा हजारांची भेट महागात पडली, आणि फॉर्मवर लिहिलेले लाखो बिनघोर. कायद्याने भेद आहे तो हाच, आणि मला तो पुरता खोटा वाटत नाही. शेतकरी संघटना, कामगार संघटना, इस्पितळं, सगळेच लॉबिंग करतात. फरक पडतो तो कोण रोज दारात उभं राहू शकतं याने.

तुमच्याच धंद्यातलं सांगते. तिथेही पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. शेड आणि शेडवरचं कर्ज शेतकऱ्याचं. त्यात आणखी एक जाच आहे. एकाच आठवड्यात ज्यांचे पक्षी उचलले, त्यांची खर्चावरून उतरंड लावतात. खालच्यांचा दर कापायचा, वरच्यांना वाढवून द्यायचा. पिल्लं कमजोर आली, मरतूक वाढली, तरी तुमचा नंबर खाली. २००८च्या शेती कायद्यात संसदेनेच कृषी खात्याला सांगितलं की या शेतकऱ्यांसाठी न्याय्य व्यवहाराचे नियम करा. २०१०मध्ये मसुदा आला. सुनावण्यांना कोंबडीवाले शेतकरी आले, काही जण कंपनी पिल्लं बंद करेल या भीतीने जपून बोलले. नॅशनल चिकन कौन्सिल ही चिकन कंपन्यांची संघटना आणि मांस उद्योग विरोधात उतरला.

मग काय झालं? नियम कुणी हाणून पाडला नाही. दरवर्षीच्या खर्चाच्या विधेयकाला एक शेपूट लागायचं : या नियमाच्या कामावर कृषी खात्याने पैसा खर्च करायचा नाही. झालं. कितीतरी वर्षं असं चाललं. ओबामांचं सरकार जाता जाता, डिसेंबर २०१६मध्ये, नियमाचा काही भाग जाहीर झाला. ऑक्टोबर २०१७मध्ये ट्रम्प सरकारने तो मागे घेतला. तो आठवडा मला नीट आठवतो. लक्ष्मीपूजन १९ तारखेला, फॉर्मची मुदत २०ची, आणि फराळाचा डबा ऑफिसातच उघडलेला. करार करण्याआधी शेतकऱ्याला कमाईचे खरे आकडे दाखवा, एवढा साधा नियम यायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं.

जावयांना सांगा, संकेतस्थळावर रक्कम बघून थांबू नका, विषयांचे रकाने वाचा. आणि जे त्यात बसत नाही तेही बघा. २६ एप्रिल २०२०ला टायसनने मोठ्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात दिली : अन्नाची साखळी तुटते आहे. दोन दिवसांनी ट्रम्प यांनी मांस कारखाने चालू ठेवण्याचा आदेश काढला. लोकांसाठीची जाहिरात या कायद्याच्या लॉबिंगच्या व्याख्येत बसत नाही. पुढे हाउसच्या समितीने २०२२मध्ये अहवालात मांडलं की अशा आदेशाचा कच्चा मसुदा टायसनच्या विधी विभागाने आधीच केला होता आणि तो उद्योगाच्या संघटनेमार्फत कृषी खात्याकडे गेला होता. त्याच समितीच्या मोजणीप्रमाणे पाच मोठ्या मांस कंपन्यांत पहिल्या वर्षात किमान ५९,००० कामगारांना करोना झाला, २६९ दगावले.

प्रश्न : माझा भाचा शिकागोजवळ एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत मॅनेजर आहे. कंपनीच्या राजकीय निधीला पगारातून वर्गणी द्या, असा त्याला निरोप आला. द्यावी का?
– एक वाचक, डोंबिवली

आधी त्याचा व्हिसा विचारा. १९०७च्या टिलमन कायद्यापासून कंपनीला स्वतःच्या तिजोरीतून फेडरल, म्हणजे अध्यक्षपदाच्या किंवा संसदेच्या, उमेदवाराला पैसे देता येत नाहीत, म्हणून अधिकाऱ्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून असा निधी उभा करतात. त्यातून एका उमेदवाराला एका निवडणुकीत ५,००० डॉलरपर्यंत देता येतात. ऐच्छिक म्हणजे ऐच्छिक, नाही म्हटलं म्हणून नोकरीला धक्का लावता येत नाही. पण भाचा एच-वन-बीवर असेल तर त्याने एक डॉलरही द्यायचा नाही, परदेशी नागरिकाला ती मनाई आहे. ग्रीन कार्ड असेल तर चालतं. निरोप पाठवणाऱ्याने हे तपासलं असेल असं धरून चालू नका.