पुण्यात घरोघरी ताप-खोकला असताना फ्लूचे अधिकृत रुग्ण इतके कमी का दिसतात?

मी पुण्यातच साथरोग सर्वेक्षणाचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे. घरोघरी माणसं आजारी असताना यादीत मोजकेच रुग्ण कसे, मग साथ ओळखतात तरी कशावरून, आणि सत्तरीतल्या आईंना लस कधी द्यावी, असं तुम्ही विचारलं आहे.

यादी लहान असते, कारण सौम्य रुग्णांचा स्वॅब घेतलाच जात नाही, आणि हे मुद्दाम ठरवलेलं आहे. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि नायडू रुग्णालयासमोर रांगाच रांगा लागल्या. त्याच वर्षी आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे ए, बी, सी असे गट पाडले. साधा ताप-खोकला असेल तर ए गट: घरी विश्रांती, तपासणी नाही. धाप लागली, रक्तदाब उतरला, ओठ-नखं निळी पडली की सी गट: भरती आणि तपासणी. म्हणजे तुम्हाला दिसते ती यादी मुख्यतः गंभीर रुग्णांची. केमिस्टकडून गोळी घेऊन ‘व्हायरल आहे’ म्हणत कामावर गेलेला माणूस तिच्यात येणार कुठून?

म्हणून साथ ओळखायला आम्ही एकूण आकड्यामागे लागत नाही. ठरावीक दवाखाने आणि रुग्णालयं निवडलेली असतात. तिथे गेल्या दहा दिवसांत ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आणि खोकला सुरू झालेले रुग्ण मोजायचे, भरती करावी लागली तर ते ‘सारी’मध्ये, म्हणजे तीव्र श्वसनसंसर्गाच्या गटात, धरायचे आणि त्यांतल्या काहींचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे. दर आठवड्याला, त्याच जागी, तीच व्याख्या. मग बघायचं ते शेकडा प्रमाण. गेल्या महिन्यात शंभर नमुन्यांत पाच पॉझिटिव्ह होते आणि आता वीस येतायत, तर विषाणू पसरतोय. नुसते रुग्ण वाढले तर तपासण्या वाढल्यामुळेही वाढले असतील. बातम्यांत हे प्रमाण फारसं देत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

विषाणूचा उपप्रकारही बघावा लागतो. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात एच३एन२ जोरात होता, आणि तो ज्येष्ठांना जास्त त्रास देतो. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, त्यामुळे इथली अनेक वर्षांची नोंद हाताशी आहे. ती सांगते की इथला मुख्य हंगाम पावसाळ्याचा, साधारण जुलै ते सप्टेंबर. जानेवारी-मार्चमध्येही काही वर्षी उठाव दिसतो. श्रीनगरमध्ये मात्र तो हिवाळ्यात येतो, म्हणून देशभराला एकच महिना लागू पडत नाही.

याचा थेट संबंध आईंच्या लसीशी आहे. अमेरिकेतल्या सल्ल्यावरून इथे बरेच जण ऑक्टोबरमध्ये लस घेतात, तोवर आपली साथ ओसरत आलेली असते. लसीचा परिणाम व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून मे महिन्यात, फार तर जूनच्या सुरुवातीला द्या. लसीतले घटक, म्हणजे ती ज्या फ्लू विषाणूंविरुद्ध असते ते, बहुतेक दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या वर्षीचीच आहे ना, हे कुपीवर बघून घ्या. चार घटकांची मिळाली नाही आणि तीन घटकांची मिळाली, तरी थांबू नका: तिच्यातून वगळलेला बी-यामागाता हा फ्लू विषाणू मार्च २०२० नंतर जगात खात्रीने सापडलेलाच नाही.