वाचकांचे प्रश्न : वाळूचा तट

प्रश्न : सुएझ कालव्याकाठचा इस्रायलचा बार लेव्ह तट इजिप्तने १९७३ मध्ये म्हणे पाण्याने फोडला. हे कसे जमले?

उत्तर : कोरड्या वाळूत गोळा फुटला की वाळू उडते आणि बरीचशी त्याच खड्ड्यात परत येते. म्हणून सुरुंगाने तिला वाट पाडणे जिकिरीचे. पाण्याचा जोरदार फवारा मात्र कण सुटे करून उतारावरून थेट कालव्यात नेतो, उपसायचे कामच उरत नाही. ही युक्ती इजिप्तच्या बाकी झकी यूसुफ नावाच्या इंजिनिअर अधिकाऱ्याची. अस्वान धरणावर वाळू पाण्याने वाहून नेताना त्याने पाहिली होती. सात मीटर रुंद वाटेसाठी सुमारे दीड हजार घनमीटर वाळू हलवावी लागे. तराफ्यांवर पंप ठेवून कालव्याचेच पाणी मारले आणि काही तासांत वाटा खुल्या झाल्या. दक्षिणेकडे मात्र मातीत चिकणाई होती. तिथे चिखल झाला आणि रणगाडे उतरवायला उशीर लागला.

पण खरी उणीव तटाच्या पाठीमागे होती. एवढ्या लांब रेषेवरच्या ठाण्यांत हल्ल्याच्या दिवशी जेमतेम साडेचारशे सैनिक होते. पंप चालवणाऱ्यांवर सतत मारा झाला असता, तर हे काम इतके सुरळीत झाले नसते.

प्रश्न : वाळूत खंदक खणला की कडा ढासळतात. उपाय काय?

उत्तर : सैल वाळू ३०-३५ अंशांपेक्षा जास्त उभी राहत नाही. तळाशी ६० सेंटीमीटर रुंद आणि दीड मीटर खोल असा खंदक आधाराविना ठेवला, तर वरचे तोंड पाच मीटरांवर जाते. एवढे उघडे तोंड म्हणजे तोफगोळ्याच्या तुकड्यांना आमंत्रणच. म्हणून आधी जास्त रुंद खणायचे, पन्हाळी पत्रे किंवा पोती लावून भिंती धरायच्या आणि मागची पोकळी भरून काढायची. पोते पाऊण भागच भरावे. गच्च भरलेले पोते गोल राहते, शेजारच्याला घट्ट बसत नाही. थर विटांसारखे सांधे चुकवून रचावेत, बांधलेली तोंडे आतल्या बाजूला ठेवावीत. प्लास्टिकची पोती उन्हाने ठिसूळ होतात, तेव्हा ती मातीने झाकावीत. उपसलेली ओलसर वाळू गडद दिसते आणि वरून लगेच ओळखू येते. ती पसरल्याशिवाय खंदक लपवायची जाळी टाकून उपयोग नाही.

प्रश्न : सुरुंग पेरले की बगल, म्हणजे फळीची उघडी बाजू, सुरक्षित होते का?

उत्तर : नाही. मे १९४२ मध्ये लिबियातल्या ब्रिटिशांच्या गझाला रेषेवर दीडशेव्या ब्रिगेडचे ठाणे आणि बीर हकीमचे ठाणे यांच्यामध्ये सुमारे वीस किलोमीटर नुसते सुरुंग होते, त्यांच्यावर नजर ठेवणारे कोणी नव्हते. जर्मन सेनापती रोमेल बीर हकीमच्या दक्षिणेकडून वळसा घालून आत आला आणि रसदीची ओढाताण होऊ लागताच त्याच सुरुंगांतून वाटा काढल्या. त्याच वर्षी इजिप्तमधल्या अल-अलामीनला ब्रिटिशांनी हल्ला केला, तेव्हा एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला रणगाड्यांना न ओलांडता येणारा कत्ताराचा खोलगट भाग, त्यामुळे वळसा घालायला जागाच नव्हती. शिवाय जर्मन-इटालियन सुरुंगांवर रणगाडाविरोधी तोफांचा नेम धरलेला होता. वाट काढणाऱ्यांचा खोळंबा झाला तो बराचसा या तोफांमुळे.