सात हजारांचं 'लाइफटाइम' सॉफ्टवेअर घेऊन तेहतीस हजार वाचतील का?

प्रश्न : दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीकविमा, आधारवर पैसे काढून देणं, झेरॉक्स, लग्नपत्रिका अशी कामं चालतात. शिवाय दोन कृषी केंद्रांचा आणि एका शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब लिहितो. दोन लॅपटॉप आहेत, २०२१ मध्ये विंडोज १० सकट घेतलेले, आणि एक जुना असेंबल्ड संगणक. विंडोज १० बंद झालं म्हणून आता सगळं नवीन घ्यायचं आहे. विंडोज, ऑफिस, हिशेबाचं टॅली, पत्रिका डिझाइन करायचं कोरल ओरिजिनल घेतलं तर सोयाबीनच्या पैशातून बाजूला ठेवलेले चाळीस हजारही पुरत नाहीत. ऑनलाइन मार्केटप्लेसवर हेच सगळं 'लाइफटाइम' म्हणून सात हजारांत मिळतं, त्यात टॅली अडीच हजारांत. विक्रेत्यांचं रेटिंगही चांगलं आहे. एका लॅपटॉपसाठी विंडोज ११ प्रो आणि ऑफिस प्रोफेशनल प्लस २०२१ ही जोडी ७९९ रुपयांत घेऊन पाहिली. दोन महिने झाले, चालतेय. उरलेले तेहतीस हजार बायकोच्या दागिन्यांवरच्या सोनेतारण कर्जात भरायचा विचार आहे. बरोबर आहे का?

उत्तर : भाऊ, सोनेतारण आधी कमी करायचं हा विचार पक्का धरून ठेवा. सात हजारांचं सॉफ्टवेअर मात्र घेऊ नका, आणि ७९९ ची जोडीही काढून टाका. एवढं करूनही कर्जात तीस हजारांच्या वर रक्कम जाऊ शकते. ते कसं, ते पुढे हिशेबासकट मांडतो. पण 'रेटिंग चांगलं आहे' आणि 'चालतेय' या दोन गोष्टींवर तुमचा भरवसा बसला आहे, म्हणून आधी त्यांच्याकडे बघू.

विंडोजचे परवाने एकाच जातीचे नसतात. रिटेल परवाना ग्राहक स्वतः विकत घेतो आणि एका संगणकावरून काढून दुसऱ्यावर नेऊ शकतो. ओईएम परवाना लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला स्वस्तात मिळतो, पण तो त्या यंत्राच्या मदरबोर्डला कायमचा बांधलेला असतो. तिसरा व्हॉल्यूम परवाना. तो मोठ्या कंपन्या, विद्यापीठं, सरकारी खाती यांना घाऊक दिला जातो. त्यातही एका प्रकारची 'की' (सॉफ्टवेअर चालू करायचा सांकेतिक क्रमांक) ठरावीक वेळाच वापरता येते, आणि दुसऱ्या प्रकारात संगणकाला १८० दिवसांच्या आत त्या संस्थेच्या सर्व्हरशी बोलून मुदत वाढवून घ्यावी लागते. शे-पाचशे रुपयांना विकली जाणारी की बहुधा भंगारात गेलेल्या यंत्राची, एखाद्या संस्थेच्या कोट्यातून फुटलेली किंवा चोरीच्या कार्डावर घेतलेली असते. तीच की अनेकांना विकली जाते. मूळ मालकाने तक्रार केली किंवा मर्यादा ओलांडली गेली, की कंपनी ती बंद करते.

तुमच्या जोडीतलं ऑफिस प्रोफेशनल प्लस तर कंपनी सामान्य ग्राहकाला दुकानात विकतच नाही, ती आवृत्ती संस्थांसाठी आहे. आणि 'लाइफटाइम' म्हणून घेतलेल्या ऑफिस २०२१ साठी सुरक्षा-अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ही आहे. ही तारीख अस्सल परवान्यालाही लागू आहे, मग तुमच्या विक्रेत्याने दिलेलं आयुष्यभराचं वचन कुठून आलं?

ग्राहक तारे देतो ते सॉफ्टवेअर सुरू झालं त्या दिवशी. ते बंद पडतं तेव्हा परतीची मुदत उलटलेली असते. म्हणून रेटिंग पाहून याबाबतीत काहीच कळत नाही. दोन महिने चालली यावरूनही एवढंच कळतं, की अजून ती की कुणाच्या नजरेत आलेली नाही.

तुम्ही स्वतः तपासू शकता. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत 'एसएलएमजीआर', मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि 'डीएलआय' टाइप करा. रिटेल, ओईएम की व्हॉल्यूम ते समोर येईल. 'डीएलआय'च्या जागी 'एक्सपीआर' टाकलं तर मुदत कधी संपते ते दिसतं. व्हॉल्यूम दिसलं तर विषय तिथेच संपला. रिटेल दिसलं तरी खात्री धरू नका, कारण चोरीच्या कार्डावरची कीही रिटेलच दिसते.

मला मात्र याहून जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. विक्रेत्याने तुम्हाला एखादी फाइल पाठवून चालवायला सांगितली होती का? अँटिव्हायरस बंद करा म्हणाला होता का? एनीडेस्कवरून संगणक ताब्यात घेतला होता का? खऱ्या सॉफ्टवेअरला अँटिव्हायरस बंद करायची गरज पडत नाही. क्रॅकसोबत, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडणाऱ्या फाइलीसोबत, येणारे चोर प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन गुपचूप उचलून नेतात. आणि तुमच्या लॅपटॉपवर काय काय आहे ते आठवा : सेवा केंद्राचं लॉगिन, पैसे काढून देण्याचं वॉलेट, गावातल्या घराघरांतल्या आधारच्या आणि पासबुकच्या प्रती, उत्पादक कंपनीचं बँक खातं. निराधार योजनेचे पैसे काढायला येणारी म्हातारी तुमच्या यंत्रावर अंगठा ठेवते तेव्हा ती तुमच्या तोंडाकडे बघून ठेवते. त्या यंत्रात काय शिरलंय हे तिला कळणार नाही, म्हणून ते तुम्हाला कळलंच पाहिजे. वॉलेटमधून एकदा रक्कम गेली तर तुमचं दोन-तीन महिन्यांचं कमिशन धुऊन निघेल, आणि गावात नाव गेलं तर केंद्र बंद करायची वेळ येईल. ७९९ ची खरी जोखीम ही आहे. की बंद पडणं त्यापुढे किरकोळ आहे.

दर खरिपात आपल्याकडे चोरबीटी, म्हणजे कपाशीचं बेकायदा बियाणं, येतं. पाकिटावर धड लेबल नाही, बिल नाही. उगवलं तर शेतकरी खूश, नाही उगवलं तर कृषी अधिकाऱ्यासमोर ठेवायला हातात काही नाही. तुम्ही कृषी केंद्रांचे हिशेब लिहिता, बिलाची किंमत तुम्हाला मी काय सांगावी!

आता कायदा. संशयास्पद कीचा मामला पुष्कळदा परवान्याच्या अटी मोडण्यापुरता राहतो. पण अडीच हजारांची टॅली म्हणजे क्रॅक केलेली प्रत, आणि तिथे कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ६३ ब लागतं. जाणूनबुजून बेकायदा प्रत संगणकावर वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. तुमचा वापर धंद्यासाठीच आहे.

उत्पादक कंपनीचा मुद्दा याहून गंभीर आहे, आणि तुमचे चाळीस हजार वाचवणारी वाटही तिथूनच निघते. ती कंपनी कंपनी कायद्याखाली नोंदलेली असेल तर १ एप्रिल २०२३ पासून तिचा हिशेब संगणकावर ठेवायचा तो अशाच सॉफ्टवेअरमध्ये, ज्यात प्रत्येक नोंद कधी बदलली याचा माग आपोआप राहतो आणि तो बंद करता येत नाही. लेखापरीक्षकाला त्याबद्दल अहवालात लिहावं लागतं. वह्या ८ वर्षं जपाव्या लागतात. हिशेबाच्या वह्यांबाबतचं कलम १२८ मोडलं तर जबाबदार व्यक्तींना ५० हजार ते ५ लाख रुपये दंड होऊ शकतो. क्रॅक टॅलीवर हा भार उचलायची जोखीम तुम्ही गावातल्या संचालकांच्या वतीने घेत आहात, आणि त्यांना ते माहीतही नाही.

म्हणून टॅली कंपनीने स्वतःच्या नावावर घ्यावी. एका वापरकर्त्याची टॅलीप्राइम सिल्व्हर सध्या २२,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,५५० रुपयांना पडते. घेताना दर पुन्हा पाहून घ्या. कंपनी जीएसटीत नोंदलेली असेल तर करपात्र व्यवहारापुरतं इनपुट क्रेडिटही (भरलेल्या जीएसटीची वजावट) तिला मिळेल, जे तुम्हाला नोंदणी नसेल तर मिळणार नाही. परवाना कंपनीच्याच ई-मेलवर चढवा, विक्रेत्याच्या नाही. तुम्ही फक्त हिशेब लिहा आणि त्याचे पैसे घ्या. कंपनीचा कायदेशीर खर्च आपल्या सोयाबीनच्या पैशातून भागवायची पाळी तुमच्यावर का यावी? पुढच्या संचालक बैठकीत हे बोला. संकोच वाटत असेल तर त्यांच्या लेखापरीक्षकाला हे सांगायला लावा.

दोन कृषी केंद्रांसाठी टॅली भाड्याने मिळते, महिना ७५० अधिक जीएसटी, म्हणजे ८८५ रुपये. वर्षाचे १०,६२० होतात. अडीच वर्षांत कायमच्या परवान्याएवढी रक्कम होते, म्हणून हे काम टिकणार असेल तर वर्षभराने कायमचा परवाना घ्या. आज मात्र भाडंच बरं. सेवा केंद्राची कमाई जून-जुलैत प्रवेशाच्या दाखल्यांची आणि विम्याची, पुढे मंदावते. अशा धंद्यात एकरकमी गुंतवणूक जड जाते. दोघांकडून प्रत्येकी महिना साडेचारशे वाढवून मागा. बिल दाखवून मागितलं तर दुकानदार नाही म्हणत नाही.

आता विंडोज. इथे मला वाईट वाटलं, कारण ७९९ रुपये द्यायची गरजच नव्हती. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली हे खरं. पण ज्या लॅपटॉपवर विंडोज १० अस्सल होतं त्याला विंडोज ११ फुकट मिळतं, फक्त यंत्र पात्र हवं : इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. २०२१ चे लॅपटॉप सहसा यात बसतात. त्यांची मूळ की मदरबोर्डमध्येच असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलर उतरवून, डिस्क पुसून, मूळ होम आवृत्ती नव्याने टाकली की ती इंटरनेट लागताच स्वतः ॲक्टिव्हेट होते.

असेंबल्ड संगणकावर विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट टाका आणि त्याला टायपिंग, झेरॉक्स-प्रिंटिंगपुरता ठेवा. बोटांचे ठसे घेणारी यंत्रं बहुतेक विंडोज किंवा अँड्रॉइडवरच नीट चालतात, म्हणून पैशाचं काम एका लॅपटॉपवरच ठेवा. त्या लॅपटॉपवर दुसरं काहीही टाकायचं नाही, पोरांचे गेमही नाहीत.

ऑफिसच्या जागी लिबरऑफिस. ते फुकट आहे, मराठीत आहे, अर्ज-दाखल्यांना पुरून उरतं. एखादी फाइल बिघडलेली दिसली तर मायक्रोसॉफ्टचं ब्राउझरमधलं फुकट ऑफिस उघडून पाहा. पैसे द्यायचे की चोरीचं वापरायचं, असे दोनच रस्ते असल्यासारखं तुम्ही लिहिलंय. फुकट आणि पूर्ण कायदेशीर असा तिसरा रस्ता आहे, आणि गावातल्या केंद्राचं बहुतेक काम त्यावर निभतं.

कोरलबाबत थोडं थांबा. पत्रिकांसाठी इंकस्केप फुकट आहे. मुक्ता, बालू असे युनिकोड देवनागरी फाँटही फुकट आहेत. छापखान्याला पीडीएफ द्या. जुन्या पत्रिकांच्या कोरल फाइली मात्र इंकस्केपमध्ये नेहमी नीट उघडत नाहीत, आणि हात बसायला एक लग्नसराई जाईल. ती सराई संपल्यावर पत्रिकांची निव्वळ कमाई कोरलच्या वार्षिक वर्गणीहून बरीच जास्त दिसली तर ती वर्गणी घ्या, धंद्याचा खर्च म्हणून दाखवा.

सवलतीत मिळणारं सगळंच खोटं नसतं. अँटिव्हायरसचे खोके मार्केटप्लेसवर छापील किमतीपेक्षा बरेच स्वस्त मिळतात आणि पुष्कळदा अस्सल असतात. सीलबंद खोका आणि जीएसटी बिल पाहून घ्या. तुम्हाला मात्र विंडोजमधलं डिफेंडर चालू ठेवलं आणि अपडेट वेळेवर घेतले तरी चालेल.

मग खर्च किती? विंडोज, लिबरऑफिस, लिनक्स, इंकस्केप यांचे शून्य. टॅलीचं तीन महिन्यांचं भाडं २,६५५. त्यापुढे दुकानदारांकडून येत राहील. बॅकअपसाठी एक बाह्य हार्ड डिस्क, पाच हजार धरा. एकूण साधारण ७,६५५, म्हणजे चोरीच्या मालाला तुम्ही जेवढे द्यायला निघाला होता जवळजवळ तेवढेच. बत्तीस हजार सोनेतारणात भरा. भरताना रक्कम मुद्दलात जमा झाली का ते पावतीवर पाहा. नुसतं व्याज भरून नूतनीकरण करून घेतलं तर दागिने तिथेच राहतील.

या आठवड्यात आधी लॅपटॉप साफ करा. सगळे पासवर्ड त्या लॅपटॉपवरून बदलू नका, मोबाइलवरून बदला. वॉलेट आणि बँक खात्यांची विवरणं दोन महिने मागे जाऊन बघा. न ओळखलेला व्यवहार दिसला तर लगेच बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, रविवार असला तरी थांबू नका.

७९९ परत मागा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे मार्केटप्लेसच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निकाल द्यायचा असतो. विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणंही मार्केटप्लेसला बंधनकारक आहे. दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. धंद्यासाठी घेतलं म्हणून कोणी 'तुम्ही ग्राहकच नाही' म्हणालं तर सांगा, की पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या व्यवसायाला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सूट आहे. ऑर्डरचे, विक्रेत्याच्या पानाचे आणि त्याने पाठवलेल्या संदेशांचे स्क्रीनशॉट लॅपटॉप पुसण्याआधी काढून मोबाइलवर घ्या.