आधी नुसतं बघ

तुझा मेल रात्री पावणेदोनचा दिसतोय, म्हणजे कॉन्फोकलचा, त्या लेसरच्या सूक्ष्मदर्शकाचा, स्लॉट अजून अपरात्रीच मिळतो तर. पेशींच्या कडेला बुडबुडे उठतायत, गाइड म्हणतात पेपर तयार आहे, तुझं मन मानत नाही, आणि आता पीएचडीच सोडू का म्हणून विचारतेस. सोडायचं-धरायचं मागाहून बघू. आधी सांग, लेसर न लावता त्या पेशी कशा दिसतात?

तू पाठवलेली फिल्म तीनदा पाहिली. पेशीचं पटल खालच्या, आकार धरून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या, म्हणजे अ‍ॅक्टिनच्या जाळीपासून सुटतं, आतल्या दाबाने अर्ध्या मिनिटात फुगतं, मग आत नवं अ‍ॅक्टिन जमतं आणि मायोसिन हे दुसरं प्रथिन त्या फुग्याला सावकाश आत ओढतं. सुरेख. पण पटल सुटलं कशाने? तुझ्या औषधाने, की ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाने? उजेडाने भाजलेली पेशीही अशीच फुगते, बाई!

माझं दीड वर्ष यातच गेलं. लॅबमधला टेक्निशियन म्हणाला होता, ‘सर, बिनऔषधाच्या पण फुगतायत.’ मी त्यालाच झापलं. आठवड्याला दोन तास मिळायचे, ते कंट्रोलवर, म्हणजे तुलनेच्या बिनऔषधी पेशींवर, कोण घालवणार? तेव्हा सगळे असंच करायचे, मी काही जगावेगळा नव्हतो. असो. आधी बघायला हवं होतं.

आणि ते लाइफअ‍ॅक्ट. अ‍ॅक्टिनला चिकटून ते चमकतं दाखवणारी ही खूण २००८ पासून सगळे वापरतात, पण पेशीत फार झालं की अ‍ॅक्टिनचंच वागणं बदलतं. फिल्मसाठी सगळ्यात चकाकणारी पेशी निवडलीस ना? मीही तीच निवडायचो.

जपानी संशोधक कुसुमींच्या गटाने पटलातल्या लिपिडच्या, म्हणजे चरबीच्या, रेणूला सोन्याचा कण जोडून २५ मायक्रोसेकंदाला एक चित्र घेतलं, तेव्हा २००२ मध्ये दिसलं की रेणू सरळ वाहत नाही, साधारण २३० नॅनोमीटरच्या वाफ्यांतून उड्या मारत जातो. पण कणामुळेच तो तसा वागत नाही ना, हे त्यांनाही तपासावं लागलं. तू कोण मोठी लागून गेलीस?

उद्या डिश काढ. रंग नाही, औषध नाही, लेसर नाही. फेज कॉन्ट्रास्टखाली, साध्या उजेडाच्या सूक्ष्मदर्शकात, अर्धा तास नुसतं बघ. फोन बाहेर ठेव. मग दुसऱ्या डिशमध्ये तेवढंच डीएमएसओ, औषध विरघळवतेस ते नुसतं द्रावक, घाल आणि तोच लेसर, तितकाच वेळ लाव. फुगल्या तर मला फोन कर. नाही फुगल्या तरी कर, मी पावणेदोनला जागाच असतो.